सरहद्दीवरून मीटर उठला त्याची हकिकत

श्रीगगनपती प्रसन्न. शके एकोणीसशे तेहतीस, खरनाम संवत्सरी, आकाशमार्गी जे वर्तमान जाहले, ते जैसे कानी आले तैसे लिहिले असे.

ते समयी सकळ राज्यांची विमाने उंची फुटांत मोजीत, आणि एक आमचे राज्य मात्र मीटर धरून बसलेले. दुनिया एकीकडे आणि आपण एकीकडे, यातच सरकारांस थोरवी वाटे. मग सरहद्दीवर माळरानी मनोरा बांधून हैबतराव जगदाळे यांसी नेमिले, की येत्या विमानास फुटांची उंची सोडवून मीटरांची द्यावी, आणि जात्यास उलट करावे. हैबतराव विधुर, मूलबाळ नाही, जवळ वस्ती नाही. परंतु उंची बदलावयाची म्हणजे वैमानिकास चार शब्द बोलणे प्राप्त, आणि त्या शब्दांवर ते दिवस काढीत. टपालाचे विमान सगुणाबाई घोलप नेत. त्या रोज पुसत, "हैबतराव, जेवलात का? आणि आता किती मीटरांवर जाऊ?" मग हे उंची सांगत, आणि भाजी कोणती केली तेही सांगत. उभयतांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही.

पुढे या दुहेरी हिशेबाच्या घोळात दोन विमाने एकमेकांवर आदळता आदळता वाचली, आणि सरकारांनी आज्ञा केली की मीटर बंद, सर्वत्र फूट, आणि फाजील बोलणेही बंद. हैबतराव दरबारी गेले आणि मीटर राखावा म्हणोन विनंती केली. कारभारी बोलिले, "राखून फायदा काय, ते सांगा." फायदा एकच, की त्यांशी कोणी बोले; तो भर दरबारी सांगवेना. मग मान खाली घालून परत आले.

नव्या मापाचे पहिले दिवशी सगुणाबाईंचे विमान आले. बदलणे काही उरले नव्हते, उंची तेवढी कळवून पुढे जावयाचे. बाई बोलिल्या, "तीस हजार फूट." हैबतराव बोलिले, "ऐकू आले नाही, फिरून सांगावे." त्यांनी सांगितले. हे पुन्हा बोलिले, "फिरून सांगावे." तेव्हा बाई उमजल्या.

"हैबतराव, ऐकू येते ना?"

"येते."

मग त्या आवाज पोचेतो तीस हजार फूट, तीस हजार फूट, ऐसे सांगत गेल्या, आणि पलीकडून काही येईनासे जाहले तरी हैबतराव "पोचले, पोचले" म्हणत राहिले.

तात्पर्य, माप एक जाहले ते उत्तम जाहले, विमाने सुखरूप जाऊ लागली. मनोरा पुढे मोडिला. हैबतराव कोठे गेले ते कोणी पुसिले नाही, सबब येथे लिहिणेत आले नाही.