रंगनाथआबांचं पोट

रंगनाथआबा आपल्या पोटाबद्दल बोलतात, ते घरी मुक्कामाला आलेल्या रुसक्या जावयाबद्दल बोलावं तसं. "काल सांजच्याला जरा नाराज व्हतं. सकाळी उठलं, चा घेतला, मंग आलं जरा ताळ्यावर." ऐकणाऱ्याला वाटावं, आत खरंच कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकून बसलंय आणि आबा त्याची मनधरणी करताहेत.

वडीगोद्रीला हायवेला लागून माझं मेडिकल आहे. आबांचं शेत रस्त्याच्या पलीकडं, मोसंबीची बाग, बागेतच घर. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आबांनी तरुणपणी ती राखली, पुढं विकून जमिनीला लागले. मेंढरं गेली पण कळपातलं चुकलेलं कोकरू हाळी घालून बोलवायचा आवाज तसाच राहिला. त्याच आवाजात ते रस्त्याच्या पलीकडून, मधून ट्रक जात असताना, मला खबर देतात.

"आरं सोपान, आज बिलकुल बराबर न्हाई! सकाळधरनं दोनदा झाली!"

माझ्या दुकानात तेव्हा बाया असतात, गुरुजी असतात, एखादी नवी सूनही असते. सगळे खाली बघतात. मी डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उगाच उलटंसुलटं करतो.

हे सगळं सुरू झालं दिवाळीनंतर. एक दिवस आबा काउंटरला छाती टेकवून म्हणाले, "ते ताकदीचं डबं आस्तेत न्हाई का, पोट्टे पेतेत ते, त्यातला एक दे. म्हाताऱ्या माणसाला चालंल आसा."

मी म्हटलं, "कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजी? मपल्यासाठी."

मी त्यांच्याकडं बघितलं. सत्तरी ओलांडलेली, पण गडी असा की दारात उभा राहिला तर दुकानात अंधार पडतो. मिशा बैलाच्या शिंगांसारख्या. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला कशाला लागतंय हे?"

"डॉक्टरनी सांगितलं. प्रोटीन कमी पडून राह्यलंय म्हणले."

"चिठ्ठी?"

"तोंडी सांगितलं. अन् पोट लई नाजूक हाये मपलं, ते बघून दे."

मी बघून दिला. दुधापासून केलेला, चांगल्यातला डबा होता. एवढा चमचा, एवढं दूध, सकाळ-संध्याकाळ, असं नीट सांगितलं. तीनचार दिवसांनी आबा डबा घेऊन हजर.

"ह्यानं गुबारा धरला. पोट आसं टणक, नगाऱ्यावानी. रातभर येक घास खाली उतरला न्हाई."

मी म्हटलं, दुधानं होतं काही जणांना, दूध पचत नाही या वयात. दुसरा दिला, पाण्यात कालवायचा, चॉकलेटच्या चवीचा. त्यावर आबांनी माझी उलटतपासणी घेतली. डब्यावरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं, आणि तेही मोठ्यानं. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली होती. मी वाचत होतो आणि आबा प्रत्येक शब्दाला थांबवत होते.

"हे साखर न्हाई म्हणतो. मंग गोड कशानं लागतंय?"

"दुसरं गोड करायचं घालतात, आबा."

"दुसरं म्हंजी कोन्तं? त्याला नाव न्हाई का?"

रांगेत बीडकडं जाणारा एक ट्रक ड्रायव्हर होता, बाम घ्यायला आलेला. आबांनी त्याला साक्षीला घेतलं. तो बिचारा गाडी चालू ठेवून आला होता. त्यानं डबा हातात घेतला, वास घेतला, म्हणाला, "बाबा, कुछ ठीक नहीं लग रहा," आणि बाम न घेताच गेला. माझं गिऱ्हाईक गेलं, आबांचा मुद्दा राहिला.

तोही डबा परत आला. "पोट ढवळलं. तोंडाला पाणी सुटतं, अन् वर येतं." मी मग वाटाण्याच्या प्रोटीनचा डबा काढला. दूध नाही, गोडवा नाही, चव नाही. आबा मला म्हणाले, "वाटाण्यानं वायू धरतो हे शेरडालाबी म्हाइत हाये, सोपान. तू शिकला कुठं?" तरी घेऊन गेले. चारपाच दिवसांनी रस्त्याच्या पलीकडून निकाल आला: "भिताडाचा पोपडा खाल्ल्यावानी लागतंय! अर्ध्या चमच्याच्या वर जाईना!"

उघडलेले डबे मला परत घेता येत नाहीत. हे मी आबांना इतक्यांदा सांगितलं की माझ्या बायकोला ते पाठ झालं. आबांचं म्हणणं, पैसे कोण मागून राह्यलंय, डबे ठेव, दुसऱ्या कुणाला मानवतील. माझ्या काउंटरवर असे तीन उघडे डबे उभे. मग त्यांनी नवीन काढलं, "आसं कर, समद्यातलं थोडं थोडं पुडीत बांधून दे. आधीचे वैद द्यायचे तसं." मी हात जोडले.

चीड येत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. एका सकाळी आबा नेहमीसारखे पोटाचं गाऱ्हाणं घेऊन आले. काल मुगाचं पाणीसुद्धा ठरलं नाही, दोन घोट घेतले की कळ येते, अंगात उभं राहायचं त्राण नाही, असं सांगत होते, आणि सांगताना शेजारच्या हॉटेलातली मिरचीची भजी खात होते. चांगली मोठी, तळलेली. कागद भरून आणली होती.

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला मुगाचं पाणी ठरत नाही?"

"न्हाई ना."

"आणि ही भजी?"

आबांनी भज्याकडं असं बघितलं जसं ते त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणी ठेवलंय. मग म्हणाले, "भजी येगळी, डबा येगळा," आणि राहिलेलं भजं तोंडात टाकून निघून गेले.

माझं डोकं फिरलं. या माणसाला काही झालेलं नाही, याला रोज कुणाशी तरी बोलायला लागतं आणि त्यासाठी यानं माझं दुकान धरलंय, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गावातल्या बायका आता मला पिठाच्या गिरणीत विचारतात, आबांना आज झाली का म्हणून. हे तरी थांबवा.

मग मी ठरवलं, आपण स्वतः जायचं. आबांच्या घरी बसायचं, डोळ्यांसमोर चमचा मोजायचा, डोळ्यांसमोर प्यायला लावायचं, आणि पोट कुठं नाराज होतं ते एकदा बघायचंच. दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि नवा डबा घेऊन रस्ता ओलांडला.

आबा बागेला पाणी सोडायला गेले होते. ओसरीत बाजेवर गयामाय पडल्या होत्या. आबांच्या मालकीणबाई. उन्हाळ्यात जालन्याला त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, हे गावाला माहीत होतं. पुढं काय, असं विचारलं की आबा सांगायचे, "ठणठणीत हाये, भाकरी थापती." त्यामुळं कुणी परत विचारलं नव्हतं.

मी त्यांना ओळखलं ते कपाळावरच्या गोंदणावरून. बाकी ओळखायला काही राहिलं नव्हतं. मनगट माझ्या अंगठ्याएवढं. लुगड्याच्या आत माणूस आहे की नुसतंच लुगडं वाळत टाकलंय, असं वाटावं. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तर पदर तेवढा पुढं ओढला. बाजेखाली माझ्या दुकानातून गेलेल्या डब्यांतली मापं, चमचे आणि एक तसराळं ठेवलेलं होतं.

मी उगाच विचारलं, "आबांचं पोट कसं आहे, माय?"

"त्यांच्या पोटाला काय धाड भरली," गयामाय म्हणाल्या. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. "दगुड पचिवतेत ते."

मग त्यांनी पदर तोंडाशी धरला. बोलू नये ते आपण बोलून गेलो असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बसलो. डबा बाजूला ठेवला. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "म्याच म्हणले व्हते त्याह्यला, मपलं नाव काढू नका. तुमच्या दुकानात समदा गाव उभा ऱ्हातो. बायामाणसाचं आसलं, आज इतक्यांदा झाली, आज वर आलं, हे काय चारचौघात बोलायचं आस्तं? म्हणलं, नाव काढलं तर मी घोटबी घेणार न्हाई. तर म्हणले, बरं, मंग मपलं सांगतो."

गयामाय पुढं बोलत होत्या, आता त्यांनाही थांबवेना. "आन् दर डबा आधी सोता पेतेत. दोन दिस थांबतेत. काई न्हाई झालं की मंग मला देतेत. त्याह्यला कवाच काई व्हत न्हाई. मला व्हतं."

तेवढ्यात आबा आले. पायांना चिखल, हातात खोरं. मला बघून दारातच थांबले. गयामायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं.

"सांगितलंस व्हय?" ते म्हणाले. रागानं नाही.

राग मला आला होता. इतके आठवडे साठलेला सगळा बाहेर आला. मी म्हटलं, "आबा, मी माप कुणाच्या अंगानं सांगितलं? तुमच्या! या बाईच्या अंगात तुमच्या अर्ध्याचंही वजन नाही. पोट कापलेलं, आतडं अजून नाजूक, आणि मी तुम्हाला बघून दोन-दोन चमचे दुधातून सांगतोय! ऑपरेशन झालंय एवढं एक वाक्य बोलला असता तर मी आधी डॉक्टरला फोन केला असता. नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं, आबा. घरात कुणीतरी आहे, एवढं तरी!"

आबांनी खोरं भिंतीला टेकवलं. एवढा मोठा माणूस, पण उंबऱ्यावर बसला तेव्हा लहान दिसला. म्हणाले, "म्हंजी म्याच तिला... मपल्यानं बिघाडलं का रे?"

इतक्या हळू आवाजात आबा बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही, तसं नाही." पण तसं नाहीच, हे मला तरी कुठं ठाऊक होतं. मी तिथूनच जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चिडले, मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आबांनी गयामायला जीपनं नेलं, रक्त तपासलं, मूत्रपिंड बरं आहे हे बघितलं. डॉक्टरांनी दूध आणि दुधाची पावडर बंद केली. म्हणाले, भिंतीच्या पोपड्यासारखा लागतो तोच डबा द्या, पण चमच्यानं नाही, चिमटीनं. मुगाच्या कोमट कढणात, दिवसातून थोडं थोडं, आणि पचलं तरच पुढची चिमूट. आधी मऊ खाणं, मग डबा. शिवाय, डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला मला फोन करा, आणि पेशंट कोण आहे ते खरं सांगा.

आबा परत आले ते माझ्या काउंटरवरचा तो उघडा डबा मागायला. मी उघडा देणार नाही म्हटलं, यावरून पुन्हा अर्धा तास भांडण झालं. शेवटी बंद डबा नेला.

एवढं झाल्यावर आबा सुधारले असतील असं कुणाला वाटेल. बिलकुल नाही. दुकानात पहिल्यासारखेच येतात, पहिल्यासारखेच ओरडतात, आणि पोट अजूनही त्यांचंच आहे. फरक एवढाच, की आता ते सांगत असताना मी बरोबर प्रश्न विचारतो.

"आबा, काल किती घेतलं पोटानं?"

"दोन चिमटी. वरून खिचडी."

"उलटी?"

"न्हाई. उलट मलाच बोललं, मीठ कमी घातलं म्हणून."

रांगेतले गुरुजी माझ्याकडं बघतात. मी गोळ्या मोजत राहतो. परवा तर आबा म्हणाले, "आज लुगडं बदललं अन् सोता चालत न्हाणीपस्तोर गेलं," तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि मला हळूच विचारलं, याच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना. मी म्हटलं, वय झालंय.

काल सकाळी मोटारसायकलवर अंबडला माल आणायला निघालो होतो. बागेजवळून जाताना घराकडं नजर गेली. ओट्यावर ऊन आलं होतं. गयामाय भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर ताटली. भाकरीचा पापुद्रा काढून वरणात बुडवून खात होत्या. हळूहळू, एक एक तुकडा. आबा समोर खाली बसले होते. तोंडानं एक शब्द नाही. तिचा हात ताटलीतून तोंडाकडं गेला की त्यांचं स्वतःचं तोंडही थोडं उघडायचं, घास उतरला की मिटायचं, लेकराला भरवताना आईचं होतं तसं. त्यांना ते कळतही नव्हतं.

मी गाडी उभी केली होती. हॉर्नवर अंगठा होता. तो काढला आणि गाडी चालू न करता तशीच ढकलत थोडी पुढं नेली.