नरहरचं लेखी उत्तर

एका जंगलात, मुलांनो, एक खवले मांजर राहत होतं. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घेऊ? ते मीच. माझं नाव नरहर.

हसू नका. अजून हसण्यासारखं काही झालेलं नाही.

त्या जंगलात एक बँक निघाली. तिची माणसं म्हणजे माकडं बिळापर्यंत आली आणि मला क्रेडिट कार्ड देऊन गेली. मी विचारलं, "पैसे कधी द्यायचे?" माकडं म्हणाली, "नंतर." हा शब्द मला फार आवडला.

मी भला मोठा टीव्ही घेतला. आम्हा खवले मांजरांना नीट दिसत नाही, तरी घेतला. मग पळायचं यंत्र घेतलं. त्यावर इंदू, म्हणजे माझी बायको, धुणं वाळत घालू लागली.

मग 'नंतर' आलं. मी दोन हप्ते भरले आणि थांबलो.

बँकेने वसुलीला वत्सला टिटवी पाठवली. रोज सकाळी ती बिळाच्या तोंडाशी ओरडायची, "नरहरकाका, हप्ता!" मी अंगाची गुंडाळी करून आत पडून राहायचो. इंदू बाहेर जाऊन सांगायची, "घरात नाहीत." एकदा वैतागून तिने "वारले" म्हणून सांगितलं. शेजारची साळिंदरं भेटायला आली. मला दिवसभर गप्प पडून त्यांचं बोलणं ऐकावं लागलं. ती माझ्याबद्दल फारसं चांगलं बोलली नाहीत.

मुलीच्या शाळेत नाटक होतं. ती त्यात झाड झाली होती. टिटवी गाठेल म्हणून मी गेलो नाही. मुलगी परत येऊन म्हणाली, "सगळ्यांचे बाबा आले होते." मी गुंडाळीतूनच म्हणालो, "छान."

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. मग मला कायद्याचं एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'शेवटच्या हप्त्यापासून तीन वर्षं उलटली की बँकेला दरबारात दावा लावता येत नाही.' खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं. ते मी सोडून दिलं. मोजून पाहिलं, तर दोनच दिवस उरले होते!

मला इतकं हुशार वाटलं, की आत बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी आली. तिचा घसा बसला होता. ती म्हणाली, "काकू, आजचा शेवटचा फेरा. 'भेटले नाहीत' असं लिहिते आणि जाते."

मी गुंडाळी सोडून ताडकन बाहेर आलो.

"भेटले नाहीत कसं? हा काय मी! तुझ्या बँकेला कायदा समजावून सांगतो. लेखी!"

"अहो, आत या," इंदू म्हणाली.

"काका, लिहू नका," टिटवीही म्हणाली. "खरंच सांगते. काही गरज नाही."

"कायदा मला शिकवू नकोस," मी म्हणालो आणि सागाच्या पानावर लिहिलं : 'मी तुमच्या बँकेचे साठ हजार रुपये देणे लागतो, हे खरे आहे. परंतु मुदत उद्या संपत असल्याने तुम्ही माझे काहीही वाकडे करू शकत नाही. आपला, नरहर.' तारीख घातली. वळणदार सही केली.

टिटवीने ते दोनदा वाचलं. "हे आता मला बँकेत द्यावं लागेल, काका," ती हळूच म्हणाली आणि उडाली.

महिन्याभराने दरबारातून बोलावणं आलं. न्यायाधीश रानगवे होते. त्यांनी मला ती बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. 'मुदतीच्या आत कर्जदाराने देणे लेखी कबूल केल्यास, त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.'

"ही सही तुमचीच?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. नाही म्हणायला ती फारच सुरेख आली होती.

व्याजासकट पैसे भरायचा हुकूम झाला. घरी येताना इंदू म्हणाली, "अहो, तीन वर्षं गप्प बसलात. आणखी एक दिवस जमलं नाही?"

"अगं, पण पत्रात चूक एकही नव्हती," मी म्हणालो.

तात्पर्य : मुलांनो, अक्कल नेहमी तोंडी पाजळावी. लेखी पाजळली की तिच्यावर व्याज चढतं.