भिंतीवरच्या गोधड्या

या, जवळ सरकून बसा. मागं बसलं की शब्द पोहोचत नाहीत, आणि ही गोष्ट शब्द पोहोचण्याचीच आहे.

कळंबच्या पुढच्या एका वस्तीवर तिथले पुढारी शंभूराज यांनी देवळापुढचा पत्र्याचा मांडव काढून मोठा सभामंडप बांधला. भिंतींना गुळगुळीत फरशी, वर घुमट, आणि कीर्तनकाराच्या अगदी समोर काळा ग्रॅनाइटचा फलक. त्यावर देवाचं नाव बारीक, शंभूराजांचं ठसठशीत. तेव्हापासून तिथं दरवर्षी उभं राहणाऱ्या भीमाआबांचं कीर्तन कुणाला कळेनासं झालं. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर चढायचा. लोक अभंगापुरते बसत, निरूपण लागलं की उठत.

"आबा, वय झालं आता," शंभूराज म्हणाले. "यंदाचं कीर्तन करा, सत्कार घ्या. पुढच्या साली बाहेरचे महाराज आणू."

आबा घरी आले, टाळ खाली ठेवले, बायकोला म्हणाले, "द्वारका, माझाच गळा गेला असंल."

"गळ्याला काय धाड भरलीया? गडबड त्या मंडपात हाय," म्हणत द्वारकाबाईंनी मुबशिराला फोन लावला.

मुबशिरा बारामतीच्या एका कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवते. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान त्याच देवळासमोर होतं. दुकानाच्या फळीवर बसून आबांची कीर्तनं ऐकतच ती मोठी झाली. विद्यार्थ्यांना घेऊन ती कीर्तनाच्या दिवशी दुपारीच वस्तीवर आली. गावकऱ्यांना तिनं मंडपात बसवलं आणि एक टाळी वाजवली. टाळी घुमटात फिरत राहिली.

"गुळगुळीत भिंत आवाज परत फेकते. जाड, मऊ कापड तो पिऊन टाकतं. घरटी एकेक गोधडी आणा."

"त्यापरीस मोठा स्पीकर लावू की!" शंभूराज म्हणाले.

"दादा, त्यानं गोंधळच मोठा होईल."

"गोधडी टांगायची म्हंजे विज्ञान व्हय?" मागून कुणीतरी हसलं. पण गोधड्या आल्या. द्वारकाबाईंनी तर लग्नातल्या लुगड्याची, आबांच्या जुन्या धोतरांचा थर घातलेली गोधडी आणली. चारही भिंती झाकल्या. मुबशिरानं पुन्हा टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

मुबशिराच्या हिशेबातून एकच गोष्ट सुटली होती. थंडी.

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. फरशी बर्फासारखी. अभंग झाला तशी मागच्या बाजूची एक म्हातारी उठली, भिंतीवरची आपली गोधडी सोडून घेतली आणि पांघरून बसली. तिचं बघून शेजारीण उठली. मग पुरुषमंडळी. विद्यार्थी हात जोडत फिरले, "आजी, ती प्रयोगाची हाय!"

"प्रयोगाची कशानं? माझ्या सुनेनं शिवलीया."

निरूपण सुरू होईतो भिंती उघड्या झाल्या. मुबशिराचे डोळे भरून आले. आबांचं शेवटचं कीर्तन आपल्यामुळं बुडालं, या विचारानं तिनं मान खाली घातली.

आणि तशीच ती ऐकत राहिली. प्रत्येक शब्द सुटा येत होता. गोधडी भिंतीवर असो की माणसाच्या अंगावर, आवाज ती पीतच होती. त्यात आज निरूपणाला कुणी उठलंही नव्हतं. अंगात ऊब भरल्यावर उठवतंय कुणाला?

अडचण एकच झाली. शब्द कळत नाहीत हे ठाऊक असल्यानं आबा गेली काही वर्षं निरूपणात मन मोकळं करत होते. सवयीनं त्यांनी आजही केलं.

"माणूस देवाला घर बांधतो, बाबांनो, आन दारावर देवापरीस मोठं नाव सोताचं घालतो! देव आत बसून इचारतो, आरं, मी भाडेकरू हाय का?"

दरवर्षी या वाक्याला शंभूराज डोळे मिटून "रामकृष्ण हरी" म्हणायचे. आज त्यांनी डोळे खाडकन उघडले. सारा मंडप वळून फलकाकडं बघू लागला. शंभूराजांनी हाताला आली ती गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

ती द्वारकाबाईंची होती.

सकाळी ते गोधडीची घडी घेऊन आबांच्या दारात आले. मुबशिरा तिथंच चहा पीत होती.

"आबा, पुढच्या साली तुमीच. आमी तेच तेच ऐकतोय असं वाटायचं. ऐकतच नव्हतो." मग ते मुबशिराकडं वळले. "पोरी, थंडी नसंल तवा काय करायचं?"

"सुरुवात समोरच्या भिंतीपासनं करू, दादा. आबांचा आवाज पहिला तिथंच आपटतो."

"म्हंजे फलकावर?"

"फलकावर."

शंभूराजांनी हातातल्या गोधडीकडं पाहिलं. मग घडी द्वारकाबाईंपुढं धरली. "काकी, ही द्याल? मीच टांगतो. कायमची."

"घ्या की. पण झटकून टांगा."

मागोमाग बाकीच्या भिंतींवरही गोधड्या चढल्या, आणि आता तिथं शब्द न् शब्द पोहोचतो. कधी त्या मंडपात बसलात, तर समोरच्या गोधडीखाली कुणाचं नाव आहे ते विचारू नका. ती शिवणाऱ्या द्वारकाबाईंची तेवढी आठवण ठेवा.