हुकूम हाय का?

शेषरावकाका फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. आधी म्हणत, “कुणी पोलिसवाले ऐकत असतील तर नमस्कार. लेखी हुकूम हाय का? नसंल तर ठेवा खाली!” मग पुढचं बोलणं.

चिकलठाण्याच्या आमच्या कॉलनीत काकांची आणि माझी भिंत एकच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा परदेशात. रोज संध्याकाळी फोन वाजायचाच. काका गॅलरीत येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे, “व्हय साहेब! नाय साहेब, तुमच्याबिगर कसं चालंल?”

“काका, तुमचं बोलणं पोलीस कशाला ऐकतील?” मी एकदा विचारलं.

“कायदा हाय भाऊ. कुणी कुणाला फोन केला ही लई इज्जतीची बाब. एसपीच्या मंजुरीबिगर बघायचं नाय.”

मग समोरच्या घरी भर संध्याकाळी चोरी झाली. पोलिसांनी रीतसर मंजुरी घेऊन त्या वेळच्या कॉलनीतल्या फोनची माहिती मागवली. एक तरुण जमादार थेट काकांच्या फाटकाशी आला. आम्ही सगळे जमलो.

“हुकूम हाय का?” काकांनी छाती काढून विचारलं.

जमादारानं कागद दाखवला. काका खूश. “बिलाशक विचारा!”

“चोरी झाली तेव्हा इथले दोन नंबर एकमेकांना सारखे फोन लावत होते. एक तुमचा. दुसरा कुणाचा?”

काका फाटकाची कडी चाचपू लागले.

“दुसराही तुमच्याच नावावर आहे. रोज हेच चाललंय, बाहेरून कुणाचा फोनच नाही. काका, स्वतःच स्वतःला फोन करता का काय?”

कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं, आणि तेवढ्यात काकांचा चेहरा दिसला. मान खाली घालून ते म्हणाले, “हुकूम माझे फोन बघायचा होता, जमादार. चारचौघांत वाचून दाखवायचा नव्हता.”

जमादार ओशाळला. “चुकलं काका,” म्हणून निघून गेला. चोर पुढं छावणी भागात सापडला.

त्यानंतर काकांचा फोन वाजला नाही. गॅलरीचं दारही उघडेना. एका संध्याकाळी मला राहवेना. त्यांना फोन लावावा म्हणून मोबाईल घेतला, तर माझ्याकडे त्यांचा नंबरच नव्हता. इतक्या वर्षांत कधी मागितलाच नव्हता.

खालमानेनं जाऊन त्यांचं दार वाजवलं.

“काका, तुमचा नंबर द्या.”

ते हळूच म्हणाले, “कोणता देऊ?”