मोहरीचं छत

जेवणाच्या टेबलावर आठवडाभर शाळा मांडून ठेवली होती आणि नवरा-बायको ओट्याशी उभं राहून जेवत होते. नवरा आर्किटेक्ट. स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम मिळालेलं: जुन्या प्राथमिक शाळेला नवे वर्ग जोडायचे, तेही निसर्गाला ओरखडा न काढता. त्याचीच ही प्रतिकृती.

बरं, माणूस तत्त्वाचा. नुसता तत्त्वाचा नाही, हट्टानं तत्त्वाचा! भिंती बुटांच्या जुन्या खोक्यांच्या, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, आणि छतावर खरीखुरी हिरवळ. मोहरी पेरून त्यानं कोंब काढले होते आणि बायकोच्या इस्त्रीच्या फवाऱ्यानं तो त्यांना दिवसभर पाणी घालत होता.

"अहो, प्लास्टिकचं गवत लावा की! कोण उपटून बघणार आहे?"

"प्लास्टिक? या शाळेवर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

शाळा समितीपुढच्या मंजुरीच्या बैठकीच्या दिवशी सकाळी मोहरी झकास तरारली होती आणि शाळा बसली होती. पाण्यानं खळ सुटली, पुठ्ठा भिजला आणि सपाट छत मधोमध खाली आलं. त्यातच खळीचा वास लागून मुंग्यांची रांग वर्गात शिरली. आर्किटेक्टनं डोक्याला हात लावला.

"ड्रायर आणते," बायको म्हणाली.

ड्रायरनं पुठ्ठा सुकला, पण कडा पापडासारख्या वळल्या आणि मोहरीनं माना टाकल्या. मोहरीला पाणी द्यावं तर छत आणखी खाली. शेवटी बायकोनं अर्धवट विणलेल्या स्वेटरमधून सुया उपसल्या आणि छताखाली तिरप्या खुपसल्या. सरळ राहीनात, म्हणून तिरप्या. मग छत मधोमध गळायला लागलं, तेव्हा तिनं खाली बाटलीचं एक झाकण ठेवलं.

"चला आता. मी मांडीवर घेऊन बसते. गाडी हळू चालवा."

शाळेत मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. त्यांची पहिलीची मुलं स्वच्छतागृहाशेजारच्या बोळात बसून बाराखडी गिरवायची. आज मंजुरी मिळाली नाही तर मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकायची, असं समितीनं ठरवून टाकलं होतं. त्यांनी प्रतिकृतीकडे पाहिलं, आर्किटेक्टकडे पाहिलं, मग बायकोच्या ओल्या साडीकडे पाहिलं.

"हे असंच आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता असंच आहे," बायको म्हणाली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर. नाही म्हणण्यात त्यांचा हातखंडा. चष्मा कपाळावर चढवून ते प्रतिकृतीवर वाकले.

"छत मधोमध का वाकलंय?"

आर्किटेक्ट खरं कारण सांगायला तोंड उघडणारच होता. खरं बोलायची सवय ऐन वेळी नडते ती अशी. पण मुख्याध्यापिकांना बोळातली मुलं दिसत होती.

"पावसाचं पाणी मधे यायला!" त्या ठणकावून म्हणाल्या.

तेवढ्यात एक थेंब टपकन झाकणात पडला.

"अरे वा! खाली टाकी!" अध्यक्ष खूश झाले. "आणि हे तिरपे खांब?"

"वाऱ्याचा जोर सोसायला," बायकोनं ठोकून दिलं.

"या मुंग्या?"

आर्किटेक्ट फुंकर मारून त्यांना हाकलायला वाकला.

"ती आमची पहिलीची मुलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "रांगेत वर्गात चालली आहेत."

अध्यक्ष पोट धरून हसले, तशी सगळी समिती हसली. "सपाट छतं बघून कंटाळा आला होता हो! मंजूर. पण एक अट आहे, हुबेहूब असंच बांधायचं. छत इतकंच वाकलेलं, खांब इतकेच तिरपे. ही प्रतिकृती माझ्या कपाटात राहील. मी ताडून बघणार!"

मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. आर्किटेक्टचेही आले, पण कारण वेगळं होतं. इतके दिवस घासून काढलेले सपाट छताचे सगळे नकाशे बाद झाले होते.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात आली तर टेबलावर पुन्हा पुठ्ठा. नवरा फवारा मारून वाट बघत बसलेला.

"आता काय हे?"

"छताचा बाक मोजून काढायचाय. नकाशा करायला नको? मघापासून पाणी मारतोय, पण मेलं वाकतच नाही गं! जाड नवा पुठ्ठा आणला, दुकानातला महागडा गोंद लावला, आधार दिले, सगळं केलं."

बायकोनं ताटं वाढून ओट्यावर ठेवली.

"या वेळी नीट बांधलंत ना," ती म्हणाली, "म्हणून. या, जेवून घ्या. आणि सुया कधी मिळणार तेवढं अध्यक्षांना विचारा."