भोजनगृहातील गुडघ्यांबाबत

माणूस जेवतो तोंडाने, पण त्याची लायकी ठरते गुडघ्यांवर. जमिनीवर हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे गुडघे चटकन टेबलाखाली जातात आणि विषय मिटतो. जहाजावर तसं नाही. जहाजावर दारापासून टेबलापर्यंत चालत जावं लागतं आणि ते चालणं चारशे लोक बघत असतात. (चारशे हा पहिल्या पंगतीचा आकडा. दुसऱ्या पंगतीला तीनशे ऐंशीच असतात, पण ते उपाशी असल्यामुळे त्यांची नजर जास्त कडक असते.)

मी सिरिल हॅदरवे. विल्टशरमधल्या एका नगरपालिकेच्या कुंपण व पदपथ खात्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून दर ऑगस्टात साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या एकाच जहाजाने सहकुटुंब सात दिवस नॉर्वेला जातो आणि परत येतो. नॉर्वेत उतरत नाही. जहाजाचं नाव सांगत नाही, कारण कंपनीशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

या कंपनीचा पोशाखाचा नियम असा: 'सायंकाळी सहानंतर मुख्य भोजनगृहात सुबक शिवलेली हाफ पँट चालेल. समारंभाच्या संध्याकाळी चालणार नाही.' बस्स. दोन वाक्यं! जहाज बुडू लागलं तर काय करावं यावर चित्रांसकट चार पानं आणि हाफ पँटवर दोन वाक्यं. सुबक म्हणजे काय? बाजूला खिसे असले तर किती? कमरेला नाडी असेल, पण ती आत खोचलेली असेल, तर? याबद्दल कंपनी मूग गिळून गप्प आहे.

आमच्या जहाजाच्या नेहमीच्या प्रवाशांचा एक गट संगणकावर चालतो. सभासद चार हजार तीनशे बारा. गेल्या वर्षी त्या गटावर हाफ पँटचा प्रश्न सहाशे अकरा वेळा विचारला गेला. लाइफबोटींविषयी तीन प्रश्न आले. (पैकी दोन, लाइफबोटीत हाफ पँट चालेल का, असे होते.) यावरून आमचे लोक जिवाला किती कमी जपतात आणि रीतीला किती जास्त, हे दिसून येतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धत नाही. समोरच्याचे गुडघे खटकले तर माणूस त्याला "काय छान संध्याकाळ आहे, नाही?" असं म्हणतो, खोलीत जातो आणि तक्रार लिहितो. अशा तक्रारींना वळण लागावं म्हणून मी प्रवासी भोजन-पोशाख सल्लागार समिती स्थापन केली. मी मानद सचिव. निवृत्त दंतवैद्य मिस्टर क्रॅबट्री अध्यक्ष. मिसेस ऑडली-पिम या तिसऱ्या. समितीला कंपनीने मान्यता दिलेली नाही, पण नकारही दिलेला नाही. आमच्या अकरा पत्रांची पोच आली आहे.

आता मुख्य विषय. गेल्या ऑगस्टात, प्रवासातल्या बुधवारी, माझी आई विनिफ्रेड नव्वद वर्षांची झाली. भेट काय हवी म्हणून विचारलं तर म्हणाली, "सिरिल, मला सगळे एका टेबलाशी हवेत. गेली सहा वर्षं बघतेय, कुणी ना कुणी उठून तरी गेलेलं असतं नाहीतर आलेलंच नसतं. एकदा सगळ्यांना एकत्र जेवताना बघू दे, मग उधळा हवं तिकडे." सगळे म्हणजे सात. आई, मी, माझी बायको डॉरीन, मुलगी रोझालिंड, जावई गेथिन आणि त्यांच्या दोन लहान मुली. मी लगेच खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं. बुधवार ही समारंभाची संध्याकाळ होती, हे वेगळं सांगायला नको.

जावई वेल्श आहे आणि टपाल वाटतो. आमचे टपालवाले बारा महिने हाफ पँट घालतात. बर्फ पडलं तर ते फक्त टोपी वाढवतात. गेथिनने आयुष्यातली शेवटची फुल पँट स्वतःच्या लग्नात घातली होती. ती भाड्याची होती आणि सोमवारी परत गेली. तरीही आजेसासूच्या वाढदिवसासाठी त्याने एक काळी फुल पँट विकत घेतली, हे मी मोकळ्या मनाने नोंदवतो. दुर्दैवाने निघायच्या दोन दिवस आधी त्याच्या डाव्या पोटरीला कुत्रा चावला. कुत्रा एका निवृत्त पाद्रीबुवांचा होता आणि चहाच्या किटलीएवढा होता, पण चावा सणसणीत. डॉक्टरने सांगितलं, जखमेवर आठवडाभर कापड घासता कामा नये.

बुधवारी साडेसहाला आई भोजनगृहात जाऊन बसली. आम्ही पाठोपाठ पोचलो. दाराशी मुख्य वेटर सॅव्हियो उभा होता. तो मडगावचा. वीस वर्षं आमच्या लोकांत काढल्यामुळे त्याला आमच्या रीती आमच्याइतक्याच कळतात, असा माझा समज होता. गेथिनच्या अंगात वरती कोट, गळ्यात टाय आणि खाली हाफ पँट. सॅव्हियोने त्याच्या पोटरीवरच्या पट्टीकडे बघितलं.

"अरेरे, कुत्रा?"

"पाद्रीबुवांचा," गेथिन म्हणाला.

"सावकाश या साहेब. आजी केव्हाच्या वाट बघतायत."

म्हणजे खुद्द कंपनीच्या माणसाने त्याला आत सोडलं होतं! आता तुमच्यासारखा एखादा सामान्य माणूस असता तर निमूटपणे मागोमाग गेला असता आणि सूप प्यायला असता. मी म्हटलं, "थांबा. माझी हरकत आहे."

"कुणावर?" सॅव्हियोने विचारलं.

"माझ्या जावयावर."

डॉरीन म्हणाली, "सिरिल, तोंड मीट आणि आत चल." पण डॉरीन समितीची सभासद नाही.

मी क्रॅबट्री आणि मिसेस ऑडली-पिम यांना सूप अर्ध्यावर टाकायला लावून बाहेर बोलावलं. दाराजवळच्या मोठ्या फुलदाणीमागे समितीची तातडीची बैठक भरली. गेथिनला मधोमध उभं केलं. दोनच मिनिटांचं काम आहे, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. आत कुणी गेलं नाही, कारण आत जायचं म्हणजे गेथिनला एकट्याला बाहेर सोडायचं, आणि आईने तर सगळे म्हटलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून मिस्टर मॅकिलरेथ उतरले. अंगात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, लोकरी मोजे, आणि मध्ये दोन भलेथोरले तांबूस गुडघे. दाराशी टाळ्या पडल्या. मिसेस ऑडली-पिम यांनी तर डोळ्यांना रुमाल लावला. (मॅकिलरेथ क्रॉयडनला जन्मले आणि तिथेच गालिचे विकतात. पण आजोबा पक्के स्कॉटलंडचे.)

धाकट्या नातीने माझी बाही ओढली. "आजोबा, त्या काकांचे पण गुडघे दिसतायत."

"ते राष्ट्रीय गुडघे आहेत," मी समजावलं.

"मग आमचं वेल्श लोकांचं राष्ट्रीय काही नाही का?" गेथिनने विचारलं.

"आहे ना," क्रॅबट्री विचार करून म्हणाले, "बायकांची उंच काळी टोपी."

गेथिन म्हणाला की टोपी घालायला त्याची ना नाही. या सूचनेवर नऊ मिनिटं चर्चा झाली आणि ती पुढील वर्षाकडे वर्ग करण्यात आली.

मग वैद्यकीय सवलतीचा मुद्दा निघाला. सवलत द्यायची तर दाखला हवा. रोझालिंड धावत खाली जाऊन जहाजाच्या डॉक्टरचा दाखला घेऊन आली. दाखल्यात स्पष्ट लिहिलं होतं: 'डावा पाय उघडा ठेवावा.' क्रॅबट्रींनी तो दोनदा वाचला. माणूस दंतवैद्य असला की एकेक सुटं बघायची सवय लागते. ते म्हणाले, "यात उजव्या पायाविषयी अवाक्षर नाही."

आणि खरोखरच नव्हतं. उजवा पाय ठणठणीत होता. ठणठणीत पायाला सवलत द्यायची तर उद्या कुणीही उठेल.

"बाबा, तुम्ही चेष्टा करताय ना?" रोझालिंडने विचारलं. मी चेष्टा करत नव्हतो. तेव्हा ती परत खाली गेली, ती काळी कोरी फुल पँट आणि नखं कापायची कात्री घेऊन आली, आणि जिन्यावर बसून तिने पँटचा डावा पाय गुडघ्यापासून कापून टाकला. कापताना रडत होती. गेथिन फुलदाणीमागे जाऊन ती पँट घालून आला. उजवा पाय पूर्ण, डावा अर्धा. माझ्या मते हा प्रशासन आणि माणुसकी यांचा इतका सुंदर मेळ होता की त्याचं चित्र काढून ठेवायला हवं होतं.

पण मिसेस ऑडली-पिम यांच्या कपाळावर आठी पडली. "एक पाय पूर्ण आणि एक अर्धा, म्हणजे सरासरी पाऊण. आणि आपल्या समितीच्या नियमावलीप्रमाणे पाऊण पँट फक्त महिलांना चालते."

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

"पाऊण काय, डोंबल!" डॉरीन ओरडली. "आत नव्वद वर्षांची बाई एकटी बसलीय!"

एवढ्यात सॅव्हियो आईचा निरोप घेऊन आला. "आजी म्हणतायत, 'नव्वद वर्षांत मी पुष्कळ गुडघे पाहिले. एकासाठीही जेवण थंड होऊ दिलं नाही.'" मी निरोप इतिवृत्तात नोंदवला. गेथिन म्हणाला, "सिरिल, हे बघा, मी वर बुफेत जाऊन चिप्स खातो. तिथे कुणी विचारत नाही. तुम्ही सगळे आत जा. आजीला सांगा, पाय दुखत होता." रोझालिंडने त्याचा दंड धरला. "तू गेलास तर सहाच उरतो. तिला सात हवेत."

मग जी चर्चा झाली ती मी सविस्तर देत नाही. (मागणी केल्यास इतिवृत्त टपालाने पाठवू.) पुढील पर्याय फेटाळले: गेथिनला चाकाच्या खुर्चीतून मांडीवर चादर घालून नेणे, कारण खुर्ची आजारी माणसांसाठी असते; उजव्या पायाचं कापड डाव्याला जोडणे, कारण त्याने प्रश्न नुसता सरकतो; चारशे लोकांना क्षणभर खिडकीबाहेर बघायला सांगणे, कारण बाहेर नॉर्वे होतं. अखेर आठ वाजून बारा मिनिटांनी एकमताने ठरलं की गेथिनला आत सोडावं, त्याच्यापुढून दोन वेटरांनी टेबलक्लॉथ आडवा धरून चालावं, आणि हा पायंडा समजू नये. मी सही केली. मला धन्य वाटलं.

"साहेब," सॅव्हियो हळूच म्हणाला, "पहिली पंगत उठली."

आत आमचं टेबल तेवढं मांडलेलं होतं. सहा रिकाम्या खुर्च्या, समारंभाची संध्याकाळ म्हणून प्रत्येकीला जमिनीपर्यंत पांढरा अभ्रा. त्यांच्या पोशाखाबद्दल कुणाचीही तक्रार आली नव्हती. वेटरांनी आईसाठी गाणं म्हटलं होतं, तिने मेणबत्त्या एकटीनेच विझवल्या होत्या आणि केक शेजारच्या टेबलांवर वाटून टाकला होता. मॅकिलरेथनी दोन तुकडे घेतले, असं कळलं.

"झालं का रे तुझं?" आईने विचारलं.

"एकमताने," मी म्हटलं.

"छान," ती म्हणाली. गेथिनच्या त्या एकपायी पँटकडे तिने बघितलं, त्याच्या गालावर हात ठेवला आणि झोपायला निघून गेली.

त्या 'छान'ने माझी भूकच गेली. मी ते सूपावर ढकललं. मग आठवलं, सूप मी प्यालोच नव्हतो.

या वर्षी प्रवासाची व्यवस्था आईनेच केली. मला कळलं ते जहाज सुटल्यावर. डॉरीन चिठ्ठी ठेवून गेली होती: 'मटण फ्रीजमध्ये आहे.' मी कुणाला दोष देत नाही. मला समितीच्या नियमावलीची सुधारित आवृत्ती पूर्ण करायला निवांत आठवडा मिळाला. आता ती एकशे चार पानांची झाली आहे. घर मात्र फार मोठं वाटलं.

शनिवारी आईकडून टपालाने फोटो आला. वरच्या मजल्यावरचा बुफे. एकच टेबल, त्यावर मासे आणि चिप्स, भोवती डॉरीन, रोझालिंड, गेथिन, दोघी मुली आणि मधोमध आई. सहाही जण हाफ पँटमध्ये. आईसुद्धा. एक्याण्णवावं वर्ष लागलेली माझी आई, पिवळी हाफ पँट घालून, खुर्चीवरून पाय सोडून, तोंड उघडं टाकून हसतेय. इतकी हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मागे तिच्या अक्षरात लिहिलंय: 'सगळे आहेत. कुणी उठून गेलं नाही.'

मी ते वाचलं, फोटो उलटा केला आणि भिंग घेऊन तिच्या पँटची शिवण सुबक आहे का ते बघितलं.

आणि तुम्ही? खरं सांगा. फोटोत तुम्ही काय बघितलंत? म्हातारीच्या त्या 'सगळे'मध्ये पोटचा एकुलता एक मुलगा धरलेला नाही हे, की या वयात बाईमाणसाला पिवळी हाफ पँट शोभते का, हे? लाजू नका. मिस्टर क्रॅबट्री गुडघेदुखीने समितीतून निवृत्त झाले आहेत. एक जागा रिकामी आहे, अर्ज करा.