पूलसाहेबांचा अंगठा

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही बावीस दिवस खपून आइस्क्रीमच्या काड्यांचा एक पूल बांधला आहे. आज त्याची परीक्षा! पुलाच्या मधोमध बादली टांगायची, तिच्यात वाळू ओतत जायची. ज्याचा पूल सर्वांत जास्त भार पेलेल, तो पहिला. आणि पहिल्याला काय मिळणार? खराखुरा पूल बांधायचं काम चाललंय, तिथे आठवडाभर राहून ते बघायला! केली कल्पना? आता पुढचीही करा. तुम्ही हात धुवून सभागृहात परत येता आणि बघता, तर तुमच्या पुलाला एक माणूस चिकटलेला आहे!

त्या माणसाला सगळे पूलसाहेब म्हणत. चौतीस वर्षं पुलांची तपासणी करून ते निवृत्त झाले होते आणि घरी बसून कंटाळले होते. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी “परीक्षक म्हणून...” एवढंच म्हटलं, तेवढ्यात साहेब “हो” म्हणून मोकळे!

“परीक्षक कसा असतो, ते आज कळेल पोरांना!” निघताना ते बायकोला म्हणाले.

“कळू दे. तुम्ही कशाला हात लावू नका म्हणजे झालं,” बायको म्हणाली आणि काळजीपोटी स्वतःही सोबत निघाली. तिचंही बरोबर होतं. हा माणूस पंखा पुसायला स्टुलावर चढला, तर पंखाच हातात घेऊन उतरे.

पण साहेबांची एक सवय होती. सांधा दिसला की त्यावर अंगठा दाबायचा. डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर अंगठ्याला कळते, असं ते सांगत, आणि ते खरंही आहे. अंगठा टेकवल्याशिवाय त्यांनी एकाही पुलाच्या कागदावर सही केली नव्हती. फक्त ते पूल लोखंडाचे होते. त्यांच्यावर ओला गोंद नव्हता!

सहाव्या टेबलावर मोजपट्टीचा पूल होता. ही मुलगी झोपतानाही हातातली पट्टी सोडत नसे, म्हणून तिचं नावच तसं पडलेलं. एका सांध्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा शेवटचा थेंब सोडून ती हात धुवायला गेली होती. साहेबांनी त्याच सांध्यावर अंगठा टेकवला. दाबला. “वा, भक्कम!” असं मनात म्हणाले आणि अंगठा उचलला.

पूलही उचलला गेला.

साहेबांनी हळूच ओढून पाहिलं. काड्या कुरकुरल्या. ओढावं तर पूल मोडतो, न ओढावं तर अब्रू जाते! ते पुलावर वाकून बारकाईने बघत असल्याचं सोंग करत उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

“बाई, हे एकाच पुलाकडे बघतायत!” शेजारच्या टेबलावरचा मुलगा ओरडला. “वशिला आहे वशिला!”

“साहेब, पुढे चला हो,” बाई म्हणाल्या.

साहेब पुढे गेले. पूलही गेला.

“तो सोबत कशाला घेतलाय?” बाईंनी विचारलं.

“तुलनेसाठी!” साहेब म्हणाले. कपाळावर घामाचे थेंब, आवाज मात्र न्यायाधीशाचा!

तेवढ्यात मोजपट्टी आली. “काका, माझा पूल द्या.”

“देतो की.”

“द्या ना मग.”

“बाळा,” साहेबांचा आवाज पिन लागलेल्या फुग्यासारखा झाला, “देता येत नाहीये.”

झालं! सगळं सभागृह भोवती गोळा झालं. त्यात पुलांची वजनं करायची वेळ झालेली. तीनशे ग्रॅमच्या वर पूल गेला की बाद. बाईंना वाटलं, आपल्याला मोठा उपाय सुचला. खेळाच्या खोलीतून माणसांचा वजनकाटा आला, साहेब पुलासकट त्यावर चढले. काटा चौऱ्याहत्तर किलो तीनशेवर थांबला.

“आता यातून साहेबांना वजा करू. साहेब, तुमचं वजन?”

“अडुसष्ट,” साहेब सवयीने म्हणाले.

“म्हणजे पूल सहा किलो तीनशेचा! बाद!” शेजारचा मुलगा टाळ्या पिटत ओरडला.

मोजपट्टीचे डोळे भरून आले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

“अहो, सांगा ना खरं!” ती तिकडून ओरडली. “चौऱ्याहत्तर! परवाच डॉक्टरांनी नाही का झापलं?”

“चौऱ्याहत्तर,” साहेब जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले. दोनशे माणसं हसली. पूल वाचला.

पण वाळू ओतायला दहाच मिनिटं उरली होती, आणि भार पेलताना पुलाला कोणाचा हात लागता कामा नये. विज्ञानाच्या बाई गोंद विरघळवायची बाटली घेऊन धावत आल्या.

“नको! त्याने माझे बाकीचे सांधेही सुटतील!” मोजपट्टी म्हणाली. तिने डोळे पुसले, पेटीतली छोटी करवत काढली आणि अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी स्वतःच्या पुलाची काडी कापली. साहेब सुटले. काडीचा तुकडा अंगठ्यावरच राहिला. पुलाला खिंडार पडलं. तिथे तिने नवी काडी बसवली, पण झटपट गोंद संपला होता आणि साधा गोंद वाळायला वेळ कुठे होता?

वाळू पडू लागली. सात किलो. आठ. नऊ... कडाड!

पहिल्या आलेल्या पुलाने एकतीस किलो पेलले. मोजपट्टी शेवटून पहिली.

साहेब मागच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मोजपट्टी येऊन शेजारी बसली.

“चौतीस वर्षांत माझ्यामुळे एकही पूल पडला नव्हता गं,” साहेब म्हणाले. “आणि आज तुझा...”

तिने त्यांच्या अंगठ्यावरचा काडीचा तुकडा पट्टीने मोजला. मग म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी पण तुम्हीच परीक्षक?”

साहेबांचा चेहरा उजळला. पोरीने माफ केलं! “तुझी इच्छा असेल, तर नक्की येईन बाळा.”

“तसं नाही,” मोजपट्टी म्हणाली. “तुम्ही येणार असाल, तर मी गायनात नाव देते.”

“नाही येणार.”

“नक्की?”

“नक्की.”

“लिहून द्या.”

साहेबांनी लिहून दिलं. मोजपट्टीने ते दोनदा वाचलं, घडी करून दप्तरात ठेवलं आणि गुडघ्यावर वही घेऊन नव्या पुलाची पहिली रेघ ओढली.